बी.एस्सी. करतानाच एम.एस्सी.च्या पातळीचे वन्यजीव संवर्धनाचे कोर्स केले तर क्रेडिट पुढे धरतात का?

गायरान_बीड (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला आहे. मुख्य विषय प्राणिशास्त्र, बीड जिल्ह्यातलं संलग्न कॉलेज, प्रवेश २०२४-२५ चा. पुढे वन्यजीव संवर्धनात एम.एस्सी. करायचं पक्कं आहे. अमेरिकेत म्हणे बॅचलरची पोरं शेवटच्या वर्षीच मास्टर्सचे कोर्स घेतात आणि मास्टर्स वर्षभरात उरकतात. आपल्याकडं तसं जमतं का?

नेमकं विचारायचं ते हे:
१) स्वयम किंवा एनपीटेलवर (सरकारी ऑनलाइन कोर्सांची व्यासपीठं) पीजी पातळीचे कोर्स आत्ताच केले तर ते क्रेडिट एम.एस्सी.ला वळते होतात का?
२) चौथं वर्ष, म्हणजे ऑनर्स, करावं की तीन वर्षांवर बाहेर पडून दोन वर्षांचं एम.एस्सी. धरावं?
३) क्रेडिटचं जाऊ द्या, पण कोणता विषय आधी शिकला तर पुढं खरंच हलकं जातं?

गणित बारावीपर्यंत होतं, आता सुटलंय. इंग्रजी वाचता येतं, वेग कमी आहे.

---

नाथसागर_पैठण

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर देतो. तिसऱ्याला इथं जास्त चांगले लोक आहेत.

अमेरिकेतली सोय एकाच विद्यापीठाच्या आतली असते. तिथला विद्यार्थी चौथ्या वर्षी आपल्याच विभागाचे मास्टर्सचे काही कोर्स घेतो आणि विभाग ते दोन्ही पदव्यांत मोजतो. किती क्रेडिट दोनदा मोजायचे याला मर्यादा असते, ग्रेडची अट असते, आणि आधी अर्ज करून त्या योजनेत शिरावं लागतं. दुसऱ्या विद्यापीठात गेलं की तिथल्यांनाही हे बहुतेक वेळा मिळत नाही. ते डोळ्यांपुढं ठेवून आपल्याकडचा हिशेब मांडू नका.

आपल्याकडं एक क्रेडिट एकदाच खर्च होतं. अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स (विद्यार्थ्याचं क्रेडिटचं ऑनलाइन खातं) याविषयी यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२१ च्या नियमांत हे स्पष्ट आहे: क्रेडिट एका पदवीसाठी वापरलं की खात्यातून वजा होतं आणि दुसऱ्या पदवीला लागत नाही. न वापरलेलं क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं टिकतं. म्हणजे एनपीटेलचा ३ क्रेडिटचा कोर्स बी.एस्सी.त ऐच्छिक विषयाच्या जागी लावला तर एम.एस्सी.साठी तो संपला. एम.एस्सी.साठी ठेवायचा असेल तर बी.एस्सी.चे क्रेडिट कॉलेजच्या विषयांतून पूर्ण करा आणि हा कोर्स वरचा म्हणून खात्यात पडू द्या.

पण खात्यात पडून आहे म्हणजे पुढचा विभाग घेईलच, असं समजू नका. यूजीसीचे स्वयमचे नियम (तेही २०२१ चेच) एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत कोर्स ऑनलाइन घ्यायला मुभा देतात. विद्यापीठाने तेवढे द्यायलाच हवेत, असं त्यात नाही. कोणते कोर्स चालतील ते त्या त्या संस्थेची विद्यापरिषद ठरवते. एम.एस्सी.चा विभागप्रमुख सरळ म्हणू शकतो की "आमच्या यादीतला, आमच्याकडं प्रवेश घेतल्यावर, आधी परवानगी घेऊन केलेलाच कोर्स धरू." तेव्हा आत्ता केलेला कोर्स पुढं क्रेडिट म्हणून चालला तर फुकटचा फायदा. त्यावर बेत आखू नका.

आता चौथं वर्ष. महाराष्ट्रात स्वायत्त कॉलेजांत नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२३-२४ पासून आलं, संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून. तुमची बॅच संलग्न कॉलेजातली पहिलीच. तुमचं चौथं वर्ष २०२७-२८ ला येईल. (त्याआधी जुन्या पॅटर्नला प्रवेश घेतलेल्यांना हा रस्ता नाही, त्यांना दोन वर्षांचं एम.एस्सी.च.) क्रेडिटचा हिशेब किमान असा: तीन वर्षांचे १२०, चार वर्षांचे १६०, त्यानंतर एक वर्षाच्या एम.एस्सी.चे ४०. तीन वर्षांवर बाहेर पडलात तर दोन वर्षांच्या एम.एस्सी.चे ८०. बेरीज दोन्हीकडं २००, वर्षंही दोन्हीकडं पाचच. चौथ्या वर्षाची पातळी आणि एम.एस्सी. पहिल्या वर्षाची पातळी राष्ट्रीय श्रेयांक (क्रेडिट) आराखड्यात एकच, ६.० धरलेली आहे. म्हणजे पदवीच्या विद्यार्थ्याने मास्टर्सचे कोर्स करायचे, याचं आपल्याकडचं अधिकृत रूप म्हणजे हे चौथं वर्ष. त्यात वेळ वाचत नाही. चौथ्या वर्षानंतर थांबावं लागलं तरी हातात ऑनर्सची पदवी असते, एवढाच फरक.

संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, आणि १२ क्रेडिटचा प्रकल्प असतो. कॉलेजात त्या विषयाचे मान्यताप्राप्त पीएच.डी. मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा नसेल तर कॉलेजला ते चालवता येत नाही. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच प्राचार्यांना लेखी विचारा: २०२७-२८ ला प्राणिशास्त्राचं चौथं वर्ष इथं आहे का, कोणत्या प्रकारचं आहे. "बघू, येईल" हे उत्तर मिळालं तर त्याचा अर्थ नाही असा घ्या आणि दुसरं कॉलेज शोधायला लागा.

एक गाठ इथंच बांधून ठेवा. एक वर्षाचं एम.एस्सी. मिळतं ते विद्यापीठांच्या नेहमीच्या विभागांत. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळूरचं एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान संशोधन केंद्र) इथले वन्यजीवशास्त्राचे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, स्वतःच्या ठरलेल्या रचनेचे आहेत. तिथं चार वर्षांचा आला काय आणि तीन वर्षांचा आला काय, पहिल्या दिवसापासून दोन वर्षं बसायचं. तिकडं जायचं असेल तर क्रेडिटचा हा सगळा खटाटोप निरर्थक आहे, आणि तुमचा तिसरा प्रश्नच खरा प्रश्न आहे.

---

टिपूर_चांदणं

वरच्यांनी नियम सांगितले. मी एनपीटेलचा व्यवहार सांगते, कारण पोरं तिथंच अडकतात.

सत्रं दोन, जानेवारी आणि जुलै. १२ आठवड्यांचा कोर्स ३ क्रेडिट, ८ आठवड्यांचा २, ४ आठवड्यांचा १. शिकणं फुकट, परीक्षेची फी कोर्समागे १००० रुपये. कोर्सला नाव नोंदवणं वेगळं आणि परीक्षेचा फॉर्म भरणं वेगळं. बारा आठवडे असाइनमेंट देऊन फॉर्मची तारीख चुकवणारे दर सत्रात निघतात. फॉर्म उघडला त्याच आठवड्यात भरा, परीक्षा केंद्रही तेव्हाच निवडायचं असतं आणि जवळचं केंद्र लवकर भरतं.

गुण असे: असाइनमेंट २५, केंद्रावरची परीक्षा ७५. १२ आठवड्यांच्या कोर्सात सगळ्यांत चांगल्या ८ असाइनमेंट धरतात, ८ आठवड्यांच्यात ६. प्रमाणपत्राला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० असे दोन्ही वेगवेगळे लागतात. असाइनमेंटला २२ आणि परीक्षेत २८ पडले तर बेरीज ५० होते, पण प्रमाणपत्र मिळत नाही. असाइनमेंटची उत्तरं टेलिग्रामवरून उचलणाऱ्यांचं नेमकं हेच होतं.

परीक्षा एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटाला येतात. आपल्या विद्यापीठांच्या सत्र परीक्षाही त्याच सुमाराला. एका सत्रात एकच कोर्स घ्या.

विषय: आयआयटी कानपूरचे वाइल्डलाइफ इकॉलॉजी, कॉन्झर्व्हेशन जिऑग्राफी आणि कॉन्झर्व्हेशन इकॉनॉमिक्स हे कोर्स तुमच्या कामाचे. प्रत्येक सत्रात तिन्ही असतीलच असं नाही, यादी बघूनच ठरवा. नुसतं वाचायचं असेल तर ई-पीजी पाठशाळेवर पर्यावरणशास्त्राचं पीजीचं साहित्य फुकट आहे. परीक्षा नाही, क्रेडिट नाही, पण एम.एस्सी.त काय शिकवतात याचा अंदाज येतो.

आणि नाव! दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर आडनाव शेवटी, एनपीटेलवर वडिलांचं नावच नाही, असं झालं की क्रेडिट अपार आयडीला (विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक) जुळत नाही. १२ आकडी अपार क्रमांक काढताना नाव आधारप्रमाणं येतं. एनपीटेलच्या फॉर्ममध्ये तेच अक्षरशः टाका. प्रमाणपत्र छापून आल्यावर नाव दुरुस्त करायला गेलात तर कॉलेज एनपीटेलकडं बोट दाखवतं आणि एनपीटेल कॉलेजकडं.

---

माळढोक_आठवण

कोर्सबिर्स सोडा हो. मैदानात जा, पक्षी ओळखा, प्राणी ओळखा. मुलाखतीत तेच विचारतात.

---

लांडगा_परांडा

दादा, पक्षी ओळखणं लागतंच, त्यात वाद नाही. पण अडीचशे पक्षी ओळखणारा मुलगा "या माळावर काळवीट किती?" या प्रश्नाला "मी ४३ मोजली" म्हणतो आणि तिथंच बसतो. किती दिसली ते विचारलेलं नसतं. किती आहेत ते विचारलेलं असतं, आणि त्या दोन आकड्यांमधल्या अंतरावरच पीजीचं निम्मं शिक्षण उभं आहे. ताई, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच: आधी संख्याशास्त्र, मग बाकी सगळं. जरा विस्ताराने सांगतो.

सोप्यापासून सुरू करा. पकड-सोड-पुन्हा पकड. तळ्यातली ४० कासवं खुणा करून सोडली. पुढच्या खेपेला ५० सापडली, त्यात १० खुणेची. एकूण संख्या ४० × ५० ÷ १० = २००. नमुना लहान असला की हे सूत्र आकडा फुगवतं, म्हणून चॅपमनची दुरुस्ती वापरतात: (४१ × ५१ ÷ ११) − १, म्हणजे सुमारे १८९. आता स्वतःला विचारा की खूण पुसली गेली तर आकडा वाढेल का घटेल? (खुणेची कमी सापडतील, भाजक लहान होईल, आकडा वाढेल.) एकदा पकडलेलं कासव पुन्हा जाळ्याकडं येतच नसेल तर? तळ्याला पाट जोडलेला असेल तर? प्रवेश परीक्षेत सूत्र पाठ आहे का ते कमी आणि गृहीतक मोडलं की काय होतं ते जास्त विचारतात. (ही कासवं कागदावरचीच ठेवा. खरी पकडायला परवानगी लागते.)

दुसरं, दिसलं नाही म्हणजे नाही असं होत नाही. समजा एखाद्या गायरानावर खोकड आहे, पण एका फेरीत ते दिसण्याची शक्यता ०.३. म्हणजे न दिसण्याची ०.७. "इथं खोकड नाही" हे ९५ टक्के खात्रीने म्हणायला किती फेऱ्या? ०.७ चा आठवा घात ०.०५८, नववा ०.०४०. म्हणजे ९ फेऱ्या. दिसण्याची शक्यता ०.५ असती तर ५ फेऱ्यांत भागलं असतं. दोन फेऱ्या मारून "या तालुक्यातून खोकड नामशेष" असं लिहिणारे प्रकल्प अहवाल कॉलेजांच्या कपाटात पडून आहेत.

तिसरं, प्रजननात भाग घेणारी संख्या. माळावर १०० प्रौढ काळवीट, पण प्रत्यक्ष जुळणारे नर १० आणि माद्या ९०. सूत्र ४ × १० × ९० ÷ १०० = ३६. जनुकीयदृष्ट्या तो कळप १०० चा नाही, ३६ चाच. अंतःप्रजनन टाळायला ५० आणि दीर्घकाळ टिकायला ५०० हा जुना ढोबळ नियम या ३६ ला लावायचा असतो, १०० ला नाही.

आता मैदानावरचं. लाइन ट्रान्सेक्ट (ठरलेल्या सरळ रेषेवर चालत दिसतील ते प्राणी नोंदायचे) शिका, माळरानावर त्याच्यासारखी पद्धत नाही. अंतरावरून घनता काढायची तर ६० ते ८० नोंदी तरी लागतात. एक नोंद म्हणजे एक कळप, एक प्राणी नव्हे. त्याहून कमी नोंदींवर दिसण्याचा आलेख बसतच नाही. रेषा किमान १० तरी हव्यात. हिशेब असा मांडा: २ किलोमीटरच्या १० रेषा, प्रत्येकीवर ४ फेऱ्या, फेरीला सरासरी २ कळप, म्हणजे ८० नोंदी आणि ८० किलोमीटर चाल. सकाळी ६ ते ९ मध्ये एक रेषा, फार तर दोन. दोघांची जोडी असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी निघाल्यावर महिन्यात होतं. तुरी आणि कापूस उभे असताना करू नका. प्राणी लपतात, आणि शेतातून चालू कोण देणार!

मोजायचं ते रेषेपासूनचं लंब अंतर. प्राणी दिसला तिथून त्याचं अंतर आणि रेषेशी होणारा कोन घ्यायचा. १२० मीटर आणि ३० अंश असेल तर लंब अंतर १२० × ०.५ = ६० मीटर. चुका कुठं होतात ते ऐका.

रेषा गाडीवाटेवर टाकतात. वाट सोयीची, पण ती बांधाबांधानं, उंचावरनं जाते आणि वाटेजवळ प्राणी एकतर कमी असतात नाहीतर रस्त्याला सवकलेले असतात. तिथली घनता माळाची नव्हे. नकाशावर पहिली रेषा चिठ्ठी टाकून ठरवा, बाकीच्या तिच्यापासून समान अंतरावर, मग वाटेत काहीही येवो.

कोन ०, ४५, ९० असे गोल करतात. शून्य लिहिलं की लंब अंतर शून्य, आणि रेषेवरच गर्दी असल्यासारखा आलेख येतो. घनता भलतीच वाढते. कंपासने रेषेची दिशा आणि प्राण्याची दिशा दोन्ही लिहा, वजाबाकी घरी करा. मोबाइलचा कंपास वापरत असाल तर चुंबकाचं कव्हर आधी काढा.

अंतर पळाल्यानंतर मोजतात. प्राणी पहिल्यांदा दिसला ती जागा धरायची. झुडूप, दगड, काहीतरी खूण डोळ्यांत पकडा आणि त्या खुणेपर्यंतचं अंतर घ्या. लेझर रेंजफाइंडर वाळलेल्या कुसळी गवतावर आपटून कमी अंतर दाखवतो, म्हणून तीनदा घ्या. रेंजफाइंडर नसेल तर आधी आठवडाभर ५०, १००, १५० मीटर टेपने मोजून नजर बसवा.

आणि ज्या फेरीत काहीच दिसलं नाही तिची ओळ वहीत नसते. शून्य ही नोंद आहे. ती गेली की चाललेलं अंतर कमी धरलं जातं आणि घनता पुन्हा फुगते.

---

शिवना_काठ

लांडगा_परांडा यांच्या यादीत संगणकावरच्या चुका जोडतो, मराठी माध्यमवाल्यांसाठी खास.

मोबाइलवर मराठी कीबोर्डने "१२" टाकलं तर आर हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर त्याला आकडा मानत नाही, अक्षर मानतं. सरासरी काढायला गेलं की आकडा येत नाही आणि कारण कळत नाही. डेटा शीटमध्ये आकडे इंग्रजी अंकांत टाका. "काळवीट" आणि "काळविट" या त्याच्या लेखी दोन प्रजाती. प्रजातीला तीन-चार अक्षरांचा ठरलेला संकेत द्या. तारीख, महिना, वर्ष वेगवेगळ्या स्तंभांत ठेवा. एक्सेल ०५/०३ चा ५ मार्च करील का ३ मे, याचा नेम नाही.

क्यूजीआयएस (नकाशांचं सॉफ्टवेअर) फुकट आहे, आजच घ्या. अक्षांश-रेखांशाच्या अंशांत क्षेत्रफळ काढू नका, आकडा निरर्थक येतो. आधी थर यूटीएममध्ये (मीटरमध्ये मोजणारी नकाशा पद्धत) बदला. मराठवाडा जवळपास सगळा ४३ उत्तर पट्ट्यात, कोड ३२६४३. पण ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला पट्टा बदलतो, आणि किनवट त्या पलीकडं आहे. किनवटला ३२६४४. नांदेड जिल्ह्याचं काम करणारे इथं हमखास घसरतात.

उपग्रह चित्र सेंटिनेल-२ चं घ्या, १० मीटरचं, फुकट. मे महिन्याच्या चित्रावरून गायरान वेगळं काढायला जाऊ नका. तेव्हा ज्वारी काढलेलं रान आणि माळ एकसारखे भुरे दिसतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी अशी दोन चित्रं घ्या. गवत पावसाळा संपताच पिवळं पडत जातं, रब्बीचं रान मात्र फेब्रुवारीपर्यंत हिरवं राहतं. त्या फरकावर वर्गीकरण बसतं. सरकारी नकाशांत असा माळ बहुधा "पडीक जमीन" म्हणून रंगवलेला सापडेल. लांडगा आणि चिंकारा त्याच पडीक जमिनीवर जगतात, ही बाब अहवालात एका वाक्यात तरी लिहा.

---

गायरान_बीड

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल वाटलं नव्हतं. दोन शंका. नायगावच्या मयूर अभयारण्यात ट्रान्सेक्ट टाकायचे झाले तर परवानगी कॉलेजच्या पत्रावर मिळते का? आणि संख्याशास्त्र म्हणजे नेमकं किती शिकायचं?

---

वनपाल_नव्हे_पण

कॉलेजच्या पत्रावर नाही. अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, त्यांचं कार्यालय नागपूरला. अर्ज विभागीय वन्यजीव कार्यालयामार्फत वर जातो. सोबत प्रकल्पाचा एक-दोन पानी आराखडा, रेषांचा नकाशा, तारखा, मार्गदर्शकाचं पत्र, ओळखपत्रं. दोन-तीन महिने हाताशी ठेवा. फेब्रुवारीत काम असेल तर अर्ज दिवाळीआधी टेबलावर पाहिजे. "सर्वेक्षण करायचे आहे" एवढ्या एका ओळीवर अर्ज परत येतो. काहीही पकडणार नाही, उचलणार नाही, फक्त निरीक्षण, हे स्पष्ट लिहा. पकडण्याची भाषा आली की कलम १२ लागतं आणि ते बी.एस्सी.च्या प्रकल्पाला झेपणारं नाही.

पहिल्या प्रकल्पाला अभयारण्य घेऊच नका, असं माझं मत. गावाचं गायरान घ्या. ग्रामपंचायतीला पत्र द्या, जमलं तर तिथली लोक जैवविविधता नोंदवही बघायला मागा. आधीच्या प्रजातींची यादी त्यात असते, खरी किती आणि दुसऱ्या गावच्या वहीतून उतरवलेली किती, ते तुम्हीच पडताळा. गायरानावरही शिंग, हाड, कातडी उचलून कॉलेजच्या संग्रहालयात नेऊ नका. गळून पडलेलं असलं तरी गुन्हा होतो. फोटो, जीपीएस, पुढं चला.

परीक्षेसाठी एक: बाजारातल्या बऱ्याच मराठी मार्गदर्शकांत अजून या कायद्याच्या सहा अनुसूची (प्रजातींच्या याद्या) छापलेल्या आहेत. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि आता चारच आहेत. पहिल्या दोन प्राण्यांच्या, तिसरी वनस्पतींची, चौथी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या कराराखालच्या प्रजातींची. जुनी यादी पाठ करून गेलात तर वाया.

---

लांडगा_परांडा

संख्याशास्त्र किती, तर एवढं: सरासरी, प्रसरण, प्रमाण त्रुटी आणि विश्वास अंतराल हाताने काढता आलं पाहिजे. द्विपद आणि प्वासाँ वितरण कशाला वापरतात ते कळलं पाहिजे. काय-वर्ग, टी चाचणी, साधी समाश्रयण रेषा, आणि त्यानंतर लॉजिस्टिक समाश्रयण. लॉजिस्टिक आलं की प्राणी आहे-नाही हे मांडणारी सगळी गणितं उघडतात. बारावीचा लघुगणक आणि घातांक पुन्हा एकदा करून घ्या, त्याशिवाय ते डोक्यात शिरणार नाही. कलन फारसं लागत नाही. लोकसंख्यावाढीचं समीकरण वाचण्यापुरता उतार समजला की पुरे.

क्रम असा ठेवा: आत्ता चौथ्या सत्रात संख्याशास्त्र आणि आर, पाचव्यात वाइल्डलाइफ इकॉलॉजीसारखा एक कोर्स आणि क्यूजीआयएस, सहाव्यात गायरानाचं ट्रान्सेक्ट. सहावं सत्र फेब्रुवारी-मार्चमध्येच येतं, हंगाम आपोआप जुळतो.

इंग्रजीच्या वेगाचं म्हणाल तर शोधनिबंध पहिल्या ओळीपासून वाचू नका. आधी आकृत्या आणि तक्ते, मग पद्धतीचा भाग, मग सारांश, प्रस्तावना शेवटी. पद्धत वाचताना तीन गोष्टी वहीत उतरवा: नमुने किती, कोणत्या महिन्यात, कोणतं गृहीतक. आठवड्याला एक निबंध पुरे.

---

नाथसागर_पैठण

क्रमाला एक जोड. एनसीबीएसचा प्रवेश दर दोन वर्षांनी असतो, जागा थोड्या. तुमची पदवी २०२७ ला होते. त्या वर्षी प्रवेश नसेल तर मधलं वर्ष रिकामं जातं, आणि चौथं वर्ष नेमकं तिथं उपयोगी पडतं. पदवी प्राणिशास्त्राचीच हवी अशी अट अशा ठिकाणी सहसा नसते, टक्क्यांची मात्र असते. त्या त्या वर्षीची जाहिरात बघा. पुण्यात आबासाहेब गरवारे कॉलेजात जैवविविधतेचं एम.एस्सी. आहे, आणि घराजवळ राहायचं असेल तर छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडच्या विद्यापीठांत पर्यावरणशास्त्र. पण एक वर्षाचं एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या ऑनर्सवरून पर्यावरणशास्त्रात मिळतं का, हे त्या विभागाकडून ईमेलवर लेखी घ्या. फोनवर "हो हो, मिळतं" म्हणणारा माणूस प्रवेशाच्या दिवशी खिडकीत नसतो.

---

टिपूर_चांदणं

आणि ताई, जुलैच्या सत्राचा विचार असेल तर कॉलेजात एनपीटेलचं लोकल चॅप्टर (कॉलेजातलं त्यांचं केंद्र) आहे का ते आत्ताच विचारून ठेवा. असेल तर कोर्स नोंदवताना कॉलेजच्या यादीतून तेच नाव निवडा, म्हणजे तिथल्या समन्वयक शिक्षकांना तुमचे गुण दिसतात. नसेल तरी कोर्स करता येतो, फक्त आठवण करून द्यायला कुणी नसतं. असाइनमेंटची तारीख मोबाइलच्या गजरात टाका, दोन दिवस आधीची.